उजवा कौल आणि इलेक्ट्रिक गाडी

३ जानेवारी
संकल्प : यंदा डोकं तापवायचं नाही.
संध्याकाळी मित्राने, रितेशने, तापवलं. म्हणे प्लग-इन हायब्रिड घ्या, चार्ज संपला तर पेट्रोल आहेच. म्हटलं, ही काय निष्ठा झाली? गाडी असो की प्रेम, एकावरच हवं! चहा अर्धा टाकून उठलो.

५ जानेवारी
प्लॅन पक्का. ऋजुता दापोलीला ॲग्रीला शिकते, शिमग्याला रत्नागिरीत येणार. तिला एसटीने येऊ द्यायचं नाही. नव्या इलेक्ट्रिक गाडीतून आणायची आणि दाभोळच्या फेरीबोटीवर, ऐन खाडीत विचारायचं. तिथून मलाही पळता येत नाही.
गाडी घ्यायची बाकी आहे. बाबांच्या पैशांनी.

८ जानेवारी
बाबांना समजावलं. घर ते बाग, बाग ते बाजार, रोजचं जाणंयेणं एवढंच. रात्री पडवीत चार्ज. हायब्रिडमध्ये दोन-दोन यंत्रांचं ओझं कशाला? बाबा म्हणाले, इंजिनिअरिंग सोडतानाही तू असंच छान समजावलं होतंस. देवीला विचारू.

११ जानेवारी
गुरवकाकांनी देवीला दोन कळ्या लावल्या. बाबा गाऱ्हाणं घालत होते. मी मनात माझंच विचारलं : ऋजुता हो म्हणेल ना?
उजवी कळी पडली, म्हणजे देवीचा होकार! बाबा खूश. मी जास्त खूश.

२७ फेब्रुवारी
गाडी दारात. आवाजच नाही. रितेश म्हणाला, दापोलीला जाऊन यायचंय तर तिथे चार्ज कर हो. देवीचा कौल असताना हा मला शिकवतो.

२८ फेब्रुवारी, दुपार
जाताना एसी फुल्ल, स्पीड फुल्ल. दापोलीत चार्जरवर आधीच एक गाडी. ऋजुता म्हणाली, थांबू या थोडं. त्या गाडीवाल्याशी भांडलो आणि निघालो. पुरेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पुरलं नाही.
दाभोळच्या जेटीवर, बोटीच्या रांगेत, गाडी गप्प. मागून हॉर्न. कोळ्यांनी ढकलून बाजूला केली. एक म्हणाला, दाद्या, गाडी झ्याक हाय, ढकलायला हलकी.
मागच्या गाडीत तिच्या वर्गातला उन्मेष. मामाची प्लग-इन हायब्रिड. त्याचाही चार्ज कधीच संपलेला, पण पेट्रोलवर निर्लज्जपणे चालू! ऋजुताकडे आज पालखी येणार, तिला पोचायलाच हवं. ती त्याच्या गाडीत बसली. जाताना म्हणाली, गाडी चांगली आहे रे, तू जरा थांबायला शीक.
बोट सुटली. ऐन खाडीत ते दोघं.
बाबांना फोन केला. देवीने फसवलं म्हटलं. बाबा ओरडले, गाढवा, मी रोजच्या फेऱ्यांचं विचारलं होतं, दापोलीचं नाही! देवीने बरोबरच सांगितलंन.
म्हणजे कळी बाबांची होती. माझं कोणी ऐकलंच नव्हतं.
आता जेटीवरच्या तुळसाकाकूंच्या चहाच्या टपरीतल्या प्लगवर गाडी लावून बसलोय. काटा हलत नाही. चहा पूर्ण प्यायलो. काकूंनी विचारलं, बाळा, मघाची पोरगी कोणाबरोबर गेली?
म्हटलं, पेट्रोलबरोबर.