खंडेनवमीला न उचललेला मीटर

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुभेदारांच्या गाडीतला खराब जोड माझाच निघाला. दुपारी स्नेहलने सांगलीच्या वर्कशॉपमधून फोन केला. वायरिंग ती माझ्याकडेच शिकली, आता तिथे स्कॅनरचं सगळं काम बघते.

"सर, इंजिन आणि ब्रेकचं मॉड्यूल एकमेकांशी बोलत नाहीत. मीटरला साठऐवजी एकशे वीस ओहम येतंय, म्हणजे तार मधेच कुठेतरी तुटलीय. बॅटरीच्या ट्रेखाली पिवळ्या स्लीव्हचा जोड आहे, आतलं तांबं काळं पडलंय." मग, "पिवळी स्लीव्ह आपणच वापरतो ना?"

हो म्हणालो. मागच्या वर्षी उंदराने तार कुरतडली होती तेव्हा घाईत केलेलं काम. नीट डाखलंही नव्हतं.

आणि मी बायपासवरच्या वायरिंगवाल्या बबनचं नाव घेतलं होतं. दहाजणांत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज नीट लिहून काढतो. नाहीतर चार दिवसांनी मीच आठवण सोयीने वळवीन.

खंडेनवमी, गेल्या आठवड्यातला बुधवार. स्कॅनर, मीटर, पाने, सगळं पाटावर, हळद-कुंकू वाहिलेलं. वडिलांचा नियम: पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. आष्ट्यातले नेहमीचे दहाजण पेढे खात बसलेले. तेवढ्यात सुभेदार गाडी घेऊन आले. डॅशबोर्डवर ब्रेकचा आणि इंजिनचा दिवा, पाय दाबला तरी गाडी ओढत नाही. "उद्या मीटर लावून बघू" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

डॅशबोर्डखाली वाकलो. ट्रॅकर बसवताना बबनने दिलेला जोड दिसला, काळी टेप गुंडाळलेली. बाहेर ओढून दाखवला.

"बघा. माणदेशी कारागिरी."

हसले सगळे. बबन माणदेशातला, दहिवडीकडचा, इथे त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

हत्यारं पूजेत, म्हणून बायकोकडून, सुमनकडून, स्वयंपाकघरातली कात्री मागवली आणि जोड ट्रॅकरसकट कापून काढला. दिवे गेले, गाडी पळाली. हलवाहलवीत माझाच जोड तात्पुरता टेकला असणार. लोकांनी वाहवा केली. बबनचा तुकडा मी काउंटरमागे खिळ्याला लावला, गिऱ्हाइकांना दाखवायला.

दसऱ्याला सकाळी मीटर उचलला, दुसऱ्या गाडीला लावला. सुभेदारांच्या गाडीला नाही. चालू होती ना. शिवाय बोलून मोकळा झालो होतो.

सुभेदार शाळेच्या समितीवर. चार दिवसांत शाळेच्या व्हॅनचं काम बबनकडून निघालं आणि माझ्याकडे आलं. मी हो म्हटलं.

परवा सुभेदार त्यांच्या बायकोला, काकूंना, डोळ्याच्या ऑपरेशननंतर दाखवायला नेताना गाडी सांगली रस्त्यावर बंद पडली. काकू डोळ्याला पट्टी, दीड तास उन्हात.

११ ऑक्टोबर, शनिवार

खिळ्यावरचा तुकडा उतरवला, टेप सोडली. आत तारांना एकसारखा वेढा, डाख स्वच्छ, प्रत्येक तारेला वेगळं आवरण. शिकाऊ मुलांना दाखवावा असा जोड.

सुमन बघत होती. "कात्री माझी होती, जीभ तुमची," म्हणाली आणि आत गेली.

सुभेदारांकडे जायचं होतं. दोन गाड्या आल्या, राहिलं. खरं म्हणजे राहू दिलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

गेलो. सुभेदार म्हशीला वैरण टाकत होते. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हातातला कडबा टाकून ते माझ्याकडे वळले.

"मला कशाला सांगतुयास? मी काय बबन हाय?"

"आवं, आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

"आधी न्हाई, लय उशिरा. जितं बोललास तितंच बोल. पेढं खाणारी समदी बोलावतो. गाडीबी दुरुस्त करू नगं म्हणून सांगतो तिकडं, टोचन लावून हाय तशी आणतो." मग जरा खाली आवाजात, "मीबी त्याला दुकानात जाऊन वाटंल ते बोललोय रं. फौजंतबी कुणाला तसं बोललो नव्हतो."

बुधवारी दहाला, माझ्या गॅरेजात. त्याच दिवशी दुपारी शाळेची बैठक, व्हॅनच्या वर्षभराच्या कामाचं पत्र तिथे निघणार.

चहा विचारला नाही. बरोबरच आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बबनकडे. बायपासचा गाळा. कारखान्याचा हंगाम तोंडावर, तो उसाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे जोडत होता. मी सुरुवात केली, "बबन, त्या जोडाचं..."

"ठावं हाय. स्नेहलताईनं गुरुवारीच फोन केलता."

मान वर न करता. वायर सोलत राहिला.

"पाच दिस झालं. म्हटलं, दत्ताभाऊ कवा येत्यात बघू."

पाच दिवस मी समजत होतो की हे मला आणि स्नेहललाच माहीत आहे. शुक्रवारी याच रस्त्याने दोनदा गेलो. त्याने पाहिलं असणार.

शाळेला मी स्वतः कळवतो म्हणालो, व्हॅन तुझ्याच. तो म्हणाला, "त्ये मागनं. द्याचं का न्हाई त्ये समिती बघंल, घ्याचं का न्हाई त्ये मी बघतो."

उद्या येशील का विचारलं. येतो म्हणाला, पण एका अटीवर.

"मीटर मी लावणार. तुमी फकस्त आकडा वाचायचा. मोठ्यानं."

बरं म्हणालो. निघताना त्याचा तुकडा खिशातून काढून पुढे केला. घेतला नाही. "उद्याच्याला आना, समद्यांम्होरं."

सुभेदारांचा आत्ताच निरोप: गाडी साडेनऊला पोहोचते. दहांपैकी आठजण येतो म्हणालेत, उरलेल्या दोघांना ते सकाळी स्वतः घेऊन येणार आहेत.