चौदावा बोल्ट

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! खोली स्वच्छ, गादी मऊ, आणि खिडकीतून कुंपणापलीकडचा जळालेला उड्डाणतळ दिसतो. यान एकाहत्तराव्या सेकंदाला का फुटलं, हे शोधणाऱ्या समितीत मी सगळ्यांत नवी. भावोजींनी शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली. त्यांचं नाव राख, असं ताईने फोनवर दहादा बजावलं. शेडमध्ये जमिनीवर खडूने यानाचा आकार काढलाय, आणि सापडलेला एकेक तुकडा त्यात आपापल्या जागी ठेवलाय. चहा पाणचट आहे, पण माणसं बरी वाटतात.

५ तारीख, बुधवार

इथला एक नियम मला फार आवडला. प्रत्येक बोल्टला दोन सह्या: एक आवळणाऱ्याची, दुसरी शेजारी उभं राहून बघणाऱ्याची. बोल्ट पुरेसा आवळला गेला की पाना ‘टक्’ करतो. तो आवाज ऐकल्याशिवाय बघणाऱ्याने सही करायची नाही.

इंधननळीच्या जोडाला असे चौदा बोल्ट. ते आवळणारा फिटर उड्डाणाच्या वेळी तळावरच जळून गेला. उलटी मोजणी चालू असताना तो तिथे का शिरला, हे कुणालाच कळत नाही. बघणारे होते भावोजी. चौदाही रकान्यांत त्यांची ती लांब शेपटीची सही आहे.

८ तारीख, शनिवार

दिवसभर ऐकून ऐकून कान किटले. नळीवरच्या सेन्सरने पान्याचा प्रत्येक आवाज टिपलाय. तेरा आहेत. सहा वेळा मोजले, तेराच.

फाटकाशी फिटरची बायको रोज येऊन बसते. सगळे म्हणतात ह्यांनीच घात केला, खरं काय ते सांगा, म्हणाली. त्या सकाळी त्याने तिला फोन केला होता: एक राहिलाय, तेवढा आवळून येतो.

खोलीवर चालत आले.

११ तारीख, मंगळवार

भावोजींना विचारलं. आधी उखडले, मग मटकन खाली बसले. तेराव्यानंतर त्यांनीच फिटरला दुसऱ्या कामाला पिटाळलं होतं. चौदावा तो करेलच, असं धरून सही आधीच ठोकून मोकळे झाले. अहवालात फिटरचा बेशिस्तपणा लिहायचं ठरलंय. मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो, म्हणाले.

संध्याकाळी ताईचा फोन. पोरांकडे बघ एवढंच म्हणाली आणि रडत राहिली.

मी दमलेय. खरंच दमलेय.

१३ तारीख, गुरुवार

सही केली. ‘ध्वनिनोंद तपासली, चौदा आवाज मिळाले.’ खाली माझं नाव.

फाटकाशी ती बसली होती. मी मागच्या दाराने सटकले. स्वतःची लाज वाटते.

१४ तारीख, शुक्रवार

भर दुपारी शेडमध्ये टक्. मग पुन्हा टक्. आत मी एकटीच होते. तेरा झाले आणि थांबलं. जोडाच्या तुकड्याला हात लावला तर चटका बसला.

१७ तारीख, सोमवार

आता खोलीतही. पलंगाखालून. तेरा.

भावोजी कामावर आले नाहीत. ताई म्हणते, मान खाली घालून बसलेत, काहीतरी मोजतात. वर बघा म्हटलं की किंचाळतात.

१८, मंगळवार

शेडमध्ये आहे. जुनी नोंद काढून खरं लिहायचं ठरवून आले होते. कागद सापडत नाही.

दार लागलं. बाहेरून कुणीतरी आवळतंय. सात. आठ—

ओरडले. कुणी येत—

बारा.

तेरा.

थांबलं.

जळक्या रबराचा वास. माझ्यासमोर दोन बूट. तळवे वितळलेले. टेबलावर माझा कागद आला— माझी सही—

तो रागावलेला नाही. दमलेल्या माणसासारखा बोलतो. म्हणतो, बाई, सही तर झालीय, आता तेवढं बघून घ्या.

मान खाली ठेवलीय. म्हणून लिहितेय. लिहीत राहिले तर बघावं लागणार नाही—

पाना टेकवलाय. गरम आहे. माझ्या मानेला—

बघा म्हणतो. कुणी बघितल्याशिवाय मला जाता येत नाही म्हणतो—

मी वर