लोकांना कावीळ सांगितली

माय, माझी गाठ परत आली. जुन्या टाक्यांच्या शेजारीच. दोन वर्षांपूर्वी गुदाशयाचं ऑपरेशन झालं, पाच महिने पोटावर शौचाची पिशवी बाळगली, मग तीही निघाली आणि मी शाळेत परत जाऊन सातवीला गणित शिकवायला लागले. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी असायची. या खेपेला आकडा चढला, मग स्कॅन झाला, आणि डॉक्टरांनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. डॉक्टर खुर्ची ओढतात तेव्हा बाईने ओळखून घ्यायचं. आधी रेडिएशन, मग पुन्हा ऑपरेशन, आणि आताची पिशवी कायमची. मी विचारलं, साडी नेसता येईल ना? ते म्हणाले, येईल. मग ठीक आहे म्हटलं. भीती वाटते, नाही असं नाही. पण हे पत्र त्या भीतीचं नाही.

मी तपासणीच्या खोलीबाहेर बसून लिहिते आहे आणि आत माझी मुलगी आहे. तुझी नात, सव्वीस वर्षांची. आतड्यात दुर्बीण घालून बघताहेत. काल दिवसभर पोट साफ करण्याचं औषध पिऊन ती माझ्यावर करवादत होती. करवादू दे, म्हटलं.

तुला मी उभीच बघते. उधन्याच्या चाळीत साऱ्या बायका उंबऱ्यात बसून साड्यांचे सुटे धागे कापायच्या आणि तू एकटी दोरीवर साडी टाकून उभ्याने कातर चालवायचीस. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचीस. तुझे रक्ताचे कपडे मागच्या नळावर मी धुवायचे. एकदा शेजारच्या काकूंनी मला विचारलं, एवढं काय गं धुतेस रोज? मी तोंड उघडणार एवढ्यात तू येऊन माझं मनगट धरलंस आणि घरात ओढून नेलंस. "चूप बस. मूळव्याध शे. कोनले सांगू नको, तुन्हा लगनना टाईमले लोके हाईच काढतीन." मी तेव्हा दहावीत. चाळीत सगळी आपल्याच तालुक्याची माणसं. सकाळी इथे कोणी शिंकलं तर संध्याकाळी गावात कळायचं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बापूंना गाठ म्हणून सांगितलं तोवर उशीर झाला होता. एकोणचाळिसाव्या वर्षी तू गेलीस. लोकांना आम्ही कावीळ सांगितली. माझं लग्न व्यवस्थित झालं.

गेल्या आठवड्यात खुर्ची ओढून झाल्यावर डॉक्टरांनी नवा कागद भरायला घेतला. "घरमां बीजा कोईने आवुं हतुं?" त्यांनी गुजरातीत विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का. मुलगी शेजारी बसलेली. रविवारी तिला बघायला माणसं यायची होती, मुलगा पलसाण्याला मिलमध्ये केमिस्ट, माणसं आपल्याच बाजूची. मी पदराचं टोक बघत बसले. मग एकदम बोलून गेले, माझ्या आईला होतं.

"मम्मी," मुलगी म्हणाली, "आजीला तर कावीळ होती ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला एकटीलाच असतं तर मुलीची तपासणी चाळिशीला चालली असती, पण आजीलाही, तेही चाळिशीच्या आत, म्हणजे आता थांबायचं नाही, असं ते म्हणाले. परतताना रिक्षात पर्वत पाटियाच्या सिग्नलला मुलगी म्हणाली, "रविवारवाल्यांना मीच सांगते. पछी खबर पडे, मागून कळण्यापेक्षा आधीच बरं." आणि घरी पोचल्या पोचल्या तिने फोन केलासुद्धा. आपल्यात मुलगी असा फोन करत नाही, पण तिला कोण सांगणार! विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. म्हणजे तुझी भीती अगदीच खोटी नव्हती, माय. तुझ्यावर मला फार राग होता, तेवढा आता राहिला नाही.

नर्स मघाशी बाहेर येऊन दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारून गेली. तुझे जावई चहा आणायला गेलेत. ते येण्याआधी एक लिहून टाकते. डॉक्टरांनी हा प्रश्न गेल्या आठवड्यात पहिल्यांदा विचारलेला नाही. दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच भेटीत विचारला होता. मुलगी ऑफिसात होती, हे खाली गाडी लावत होते, खोलीत मी आणि डॉक्टर, तिसरं कोणी नाही. मी "ना" म्हटलं. ते तू म्हणायला लावलं नाहीस, मीच म्हटलं. तिच्या तपासणीची दोन वर्षं त्यात गेली, आणि आत काय निघतंय ते आता कळेल. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.