दादाचा खोकला, ठमीची शिंक

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मी बाथरूममध्ये पडलो असं तुला कुणी सांगितलं? मी पडलो लॉन्ड्रीत. दुकान विकलं तरी सकाळी जरा वेळ तिथे जाऊन बसायची सवय सुटत नाही, आणि नवा मालक साबणाचं पाणी जमिनीवर तसंच सोडतो. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत लोखंड घातलंय आणि ते नीट बसलंय, असं सर्जन म्हणाले. माणूस मात्र नीट राहिलेला नाही.

खालच्या खोलीत माझा पलंग टाकलाय. मला या पलंगाचा वीट आलाय. जन्मभर लोकांच्या चादरी पांढऱ्याशुभ्र करून दिल्या आणि आता स्वतःच्या चादरीचा वास नाकातून जात नाही. बेडपॅनबद्दल तर लिहवत नाही. सूनबाई गुणी आहे, एका शब्दानं बोलत नाही. पण भांडं उचलताना ती श्वास रोखून धरते ते मला दिसतं, आणि दाराबाहेर जाऊन सोडते तेही ऐकू येतं. तिची चूक नाही. मलाही रोखता आला असता तर मीही रोखला असता.

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या. टाके ओले असताना म्हणाल्या, उठा, आज उभं राहायचंय. हात गार आणि घामट. ते हात त्यांनी सरळ माझ्या काखेत घातले. माझ्या अंगावर काटा आला. मी हात झटकला आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. चिरंजीवांनी माझीच री ओढली. या वयात हाड जुळायचं तर पडून राहिलेलं बरं, घाई कसली, असं त्याचं मत. म्हणून पडून आहे.

तू चार दिवस येऊन जा. तुला बघून किती काळ लोटला याचा हिशोबही आता लागत नाही.

राग आला तर येऊ दे, माया आटू देऊ नकोस.
तुझा दादा


१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खुर्चीत बसून वाचलं. तुझी पत्रं उभ्यानं वाचायची नाहीत असं मी ठरवलंय, हसू आवरत नाही आणि हसणं हल्ली मला सोसत नाही. माणूस नीट राहिला नाही म्हणतोस, पण तू पडायच्या आधी तरी कुठे नीट होतास? माझा हात लागलेल्या पेल्यातलं पाणी तू मोरीत ओतायचास. आई म्हणायची, याला बायको काचेच्या कपाटात ठेवलेली आणावी लागेल.

चेष्टा पुरे. त्या बाईंना परत बोलाव. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात, त्यांचंही हेच हाड मोडलं होतं. त्यांना तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवलं, शिव्या देत देत चालले, आता बाजारातून पिशवी घेऊन येतात. पडून राहून बरा झालेला माणूस मी अजून बघितलेला नाही. घामट हातांचं एवढं काय घेऊन बसलास? तुझ्या इस्त्रीच्या खोलीत तूही निथळत असायचास.

यायचं म्हणशील तर सध्या जमत नाही रे. घराला रंग द्यायला काढलाय. शिवाय शेजारीण बाहेरगावी गेलीय आणि तिच्या कुंड्या माझ्या गळ्यात पडल्यात. थोडं सवडीनं बघते.

सूनबाईला सांग, दाराबाहेर श्वास सोडताना जरा हळू सोड. तुझी कुरकुर माझ्या वाट्याला अशीच येत राहो.
ठमी


९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू जेवून उठली असशील तर हे पत्र आत्ता वाचू नकोस.

मागच्या महिन्याच्या शेवटी ताप भरला. खोकला यायचा पण सुटायचा नाही, छातीत घरघर. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषध लिहून दिलं. मग चिरंजीवांना बाजूला घेतलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. ते म्हणाले, औषध काम करेल, पण यांना असंच निजवून ठेवलंत तर हाडानं नाही, छातीनं जातील. पडून पडून फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो म्हणे, तुंबलेल्या गटारात गाळ साचावा तसा. चिरंजीव पांढरा पडला. त्याच संध्याकाळी जाऊन त्या बाईंना घेऊन आला.

बाईंनी टोमणा मारला नाही. मी त्यांचं नाव फौजदारीण ठेवलंय, तोंडावर नाही म्हणत. त्यांनी मला कुशीवर वळवलं, हाताची ओंजळ केली आणि पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली. ओल्या सतरंजीवर काठी मारल्यासारखा आवाज येत होता. मग खोल श्वास घ्यायचा आणि चष्म्याची काच पुसताना करतो तसा तोंड उघडून जोरानं हाऽ करायचा. दोनतीनदा केल्यावर आतून काहीतरी हललं आणि वर आलं. हिरवट, चिकट, तार सुटणारं. ओठापासून भांड्यापर्यंत लोंबत होतं आणि तुटत नव्हतं. मला त्याच्या किळसेनं ओकारी झाली, तीही त्याच भांड्यात. बाईंनी भांडं उजेडाकडे नेऊन आत बघितलं आणि म्हणाल्या, छान, असंच यायला हवं. छान, म्हणे. मी विचारलं, तुम्हाला घाण वाटत नाही? त्या म्हणाल्या, वाटते की, रोज वाटते, जेवणाचा डबा उघडताना जास्तच वाटते. पण तेवढ्यासाठी तुमचा कफ आत ठेवून कसं चालेल?

ताप उतरला. मग मला उभं केलं. स्वतःचे पाय बघितले तर ओळखू येईनात. मांडीचं मांस गेलं होतं आणि कातडं धुवून पिळलेल्या मोज्यासारखं लोंबत होतं. टाचेला जखम झालीय, तिला वास येतो. वॉकर धरून बाथरूमपर्यंत गेलो आणि दार आतून लावलं. आत एकटा बसलो आणि रडलो. हे घरात कुणाला माहीत नाही.

आता तुझ्याबद्दल. ताप चढला होता तेव्हा मी तुला हाका मारत होतो असं सूनबाई सांगते. तिनं तुला फोन केला, तर तू म्हणालीस रंग अजून वाळला नाही. मी मरायला टेकलो होतो, ठमे. कुठल्या भिंतीचा रंग महिनाभर वाळत नाही? माझ्या घाणीची तुला किळस येते का? तसं असेल तर सरळ लिही, मी समजून घेईन. खोटं नको.

जास्त काय लिहू.
दादा


१७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नाही, माझ्या घाणीची.

घराला रंग द्यायला काढलेला नाही. शेजारणीकडे कुंड्याही नाहीत, तिला झाडांचं वावडं आहे. तू त्या भांड्याबद्दल इतकं उघड लिहिलंस म्हणून मला आज हे लिहिता येतंय, नाहीतर हे माझ्याबरोबर चितेवर गेलं असतं.

मला लघवी धरवत नाही. धाकटीच्या बाळंतपणापासून थोडं होतं, पण या काही वर्षांत फारच वाढलं. शिंकलं की होते, हसलं की होते, बादली उचलली की होते. कधी कधी काहीच न करता अशी घाई लागते की कुलपात किल्ली फिरवेपर्यंत पाय ओले. खुर्चीवर उशीखाली प्लॅस्टिक आहे. दाराआड फडकी वाळत असतात, कुणी आलं की ती पातेल्यात कोंबते. वास मला येतो. दिवसातून कितीदा धुतलं तरी येतो, आणि लोकांना किती येत असेल या विचारानं मी कुणाच्या जवळ बसत नाही. पाणी मोजून घोटभर पिते, तर वास आणखी उग्र.

शेवटचा बसप्रवास केला तेव्हा शेजारी एक बाई बसली होती. मध्येच उठली आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला जाऊन सरक म्हणाली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी बसमध्ये पाऊल ठेवलेलं नाही.

तू पलंगावर पडून होतास आणि मी इथे चाकोरीतल्या चार गल्ल्यांत, जिथे जिथे संडास माहीत आहे तिथेच फिरत होते. तुला ताप होता त्या रात्री मी पिशवी भरली होती. पिशवी तशीच राहिली. मला माझ्या अंगाचा तिटकारा आलाय, दादा.

मुलींना माहीत नाही. हे वाचून फाडून टाक. तुझ्यापुढे मान खाली घालून,
ठमी


२८ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र फाडलं. तुकडे स्वतः जाऊन टाकले, म्हणजे तेवढं चालता येतं हे कळेल.

हे असलं कसं लिहायचं मला माहीत नाही, म्हणून झालं ते सांगतो. परवा फौजदारीण माझा पाय उचलवून घेत होत्या. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, वयस्कर, त्यांना असं असं होतं. बाईंना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. पाय खाली आणू नका म्हणाल्या आणि मग बोलल्या. पोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती सैल पडली की असं होतं. तुमची मांडी सैल पडली तसंच, त्यात लाजायचं काय? त्याचे व्यायाम असतात आणि ते शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बायकाही असतात. आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्यायची, जंतूंमुळे नाही ना ते बघायचं. आणि पाणी कमी पिणं हे अगदी उलटं आहे, त्यानं घाई वाढते. सगळ्यांचं सगळं बरं होतं असं नाही, पण पुष्कळ जणींना पुष्कळ फरक पडतो.

मग त्यांनी सहज विचारलं की या ओळखीच्या बाई राहतात कुठे. मी तुझं गाव सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमच्या बहीणच ना. मी पकडला गेलो, ठमे. पण त्यांनी फोन करून तुझ्या गावातल्या एका बाईंचा पत्ता काढून दिला. तो सोबत जोडलाय. जा. मीही आपणहून गेलो नसतो आणि पडून मेलो असतो, म्हणून तुला जा म्हणतोय.

माझं म्हणशील तर आता जिन्याची शिक्षा सुरू आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. घाम गळतो, शर्ट पाठीला चिकटतो, चिरंजीव खाली दोन्ही हात पसरून चेंडू झेलायला उभं राहावं तसा उभा असतो. काल म्हणाला, बाबा, बास झालं, काय गरज आहे? मी त्याला सांगितलं, तुझ्या मायेपायी मी मरणारच होतो, आता बाजूला हो. फार लागलं त्याला. पण हात खिशात घातले.

तू पिशवी भरली होतीस, हे मला पुरे आहे.
तुझा दादा


२० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुद्दाम लिहिलं नाही. काही सांगण्यासारखं झाल्याशिवाय तुला तोंड दाखवायचं नव्हतं.

पहिल्यांदा गेले आणि पळून आले. बोळातून जिना, जंतुनाशकाचा वास, भिंतीवर मधोमध चिरलेल्या बाईच्या पोटाचं रंगीत चित्र. बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, स्नायू किती ताकदीचे आहेत ते आतून तपासावं लागेल, तुमची तयारी असेल तरच. मी चप्पल घालून सरळ घरी. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पुढच्या आठवड्यात परत गेले, कारण तुझ्या पत्रातलं ते पिशवीचं शेवटचं वाक्य मला उशीखाली टोचत होतं. तपासणीत कळलं की मी इतकी वर्षं आवळते समजून खाली ढकलत होते. म्हणजे स्वतःच्या हातानं नळ सोडायचा आणि मग पाणी का येतंय म्हणून रडायचं.

व्यायाम कसला, चारचौघांत वायू अडवतो तसं आतून आवळायचं, वर ओढायचं, धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं. सोडणंही शिकावं लागतं. घाई लागली की धावायचं नाही, थांबून आवळायचं, लाट ओसरली की चालत जायचं. कितीतरी आठवडे ढिम्म फरक नाही. फडकी तशीच, वास तसाच. मी त्या बाईंना म्हटलं, तुम्ही मला फसवताय. त्या म्हणाल्या, रोज करता का? मी म्हटलं, रोज नाही. मग रोज करायला लागले.

गेल्या मंगळवारी बँकेच्या रांगेत शिंक आली. येतेय असं वाटताच आवळलं आणि शिंकले. तशीच उभी राहिले, वाट बघत. कोरडी होते, आणि हसू फुटलं. पुढच्या माणसानं मागे वळून बघितलं, त्याला वाटलं असेल म्हातारी शिंकून हसते काय.

सगळं गेलेलं नाही. रात्री अजून भरवसा नाही आणि लांबच्या प्रवासाला धाकधूक आहे. पण जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळच्या बसनं मी निघते. मध्ये दोन ठिकाणी बस थांबते, विचारून ठेवलंय. येताना माझं प्लॅस्टिक मीच घेऊन येईन. गादीची काळजी नको आणि सूनबाईला काही सांगू नकोस.

भेटीत बोलूच. जरा धाकधुकीत,
ठमी


२५ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

खालची खोली तुला दिलीय. बाथरूम तिच्या दाराला लागून आहे, मध्ये एक खुर्ची होती तीही उचलून ठेवली. मी वर माझ्या जुन्या खोलीत गेलो, माझ्या पायांनी. चिरंजीवांना वाटलं बाबांना वरची हवा हवीय. वाटू दे.

प्लॅस्टिक आणू नकोस, ते कुजबुजतं आणि झोप लागू देत नाही. गादीवर मी मेणकापड घातलंय, त्यावर दुपदरी चादर. चादरी स्वतः इस्त्री केल्या, टेबलाला टेकून पण उभ्यानं. सूनबाईच्या इस्त्रीला कोपरे नसतात. जादा चादरी कपाटाच्या खालच्या खणात आहेत. रात्री लागली तर वापर आणि काढलेली बादलीत टाक, सकाळी मी बघेन.

बघेन म्हणजे धुवेन. तोंड वाकडं करू नकोस. इतकी वर्षं मी या गावाचे कपडे धुतले. कुणाच्या घरात काय सांडतं, पाझरतं, ओकलं जातं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? वकिलांच्या चादरी आल्या, हेडमास्तरणींच्या आल्या. ते लोक रस्त्यात भेटले तर मी नमस्कार करायचो, आणि खरं सांगतो, चादर मनात यायची नाही. या दुखण्यात मला खरी किळस आली ती स्वतःचीच. तुझंही तेच झालं. आपल्या घराण्याला लोकांचं सगळं चालतं, आपलं काही चालत नाही.

बस थांबते तिथे मी येतोय. फौजदारीण म्हणाल्या, तेवढं अंतर झेपेल, मध्ये एकदा बसा. एवढ्या माणसांत मला मिठी मारू नकोस, चालून घाम आलेला असतो आणि मला ते सहन होत नाही. हात मात्र धर. बसची पायरी उंच आहे, तुला उतरायला तो लागेल आणि मला उभं राहायला.

वाट बघतो.
तुझा दादा