तोंडलीच्या वेलाचं मेज

सिल्वासा,
८ फेब्रुवारी १९६४

प्रिय कुसुम,

आशीर्वाद गृहीत धर, कारण आज माझ्या तोंडून दुसरंच काही बाहेर पडतंय. गेल्या सोमवारी माझ्या घरात चोर शिरले आणि जाताना रीतसर पोच देऊन गेले. म्हणजे सरकारी होते!

पोर्तुगीज इथून गेल्याला दहा वर्षं होत आली. आता इथल्या एका कचेरीला एकाएकी आठवलं, की त्यांच्या खुर्च्या-मेजं गेली कुठे? मग शोधपथक निघालं. त्याचा म्होरक्या जयवंत, मूळचा गिरगावातला कारकून. कुठलंसं जुनं चित्रांचं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि तेव्हापासून तो प्राचीन लाकूडसामानाचा जाणकार झाला. शेजारच्या अथाल गावी एका शिक्षकाचा पाळणा त्याने पोर्तुगीज ठरवला. आतलं बाळ तेवढं भारतीय म्हणून सोडलं. आमच्याकडे आला तो थेट भाऊंच्या मेजाकडे. कडेचं कोरीवकाम चाचपलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “द्राक्षांचा वेल. शंभर वर्षांचं पोर्तुगीज काम. मास्तर, हे तुमच्याकडे आलं कसं?”

माझ्या बापाचं मेज, आणि हा मलाच विचारतो आलं कसं! कुसुम, रागाने माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. तुझी वहिनी मध्ये पडली म्हणून बरं, नाहीतर त्या विद्वानाला मी वेलासकट उचलला असता. मेजाच्या पायावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला: ४७. येत्या बुधवारपर्यंत मालकीचा पुरावा आणा, नाहीतर मेज सरकारी विश्रामगृहात जाणार. म्हणजे ज्यावर भाऊ चष्मा पुसत बसायचे, त्यावर उद्या कुणी दौऱ्यावरचा साहेब कोंबडीची हाडं ठेवणार.

पुरावा कुठून आणू? बाप काय मुलाला पावती देऊन मरतो? शेवटी किलवणीच्या रघुनाथ मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा आहे, पण लाकूड त्याच्याशी बोलतं. काल जयवंतच्या समोर त्याने मेज उताणं केलं, पायाच्या आतली बाजू पटाशीने जरा खरवडली. आतून हळदीसारखा पिवळा रंग. “साहेब, आ तो फणस छे,” तो म्हणाला, “तुमचा गोरा साहेब फणसावर लिहायचा काय?” मग खण ओढला. खणाचा तळ चहाच्या खोक्याच्या फळीचा, अर्धी अक्षरं अजून दिसतात. “आणि शंभर वर्षांपूर्वी चहाची खोकी फोडायचा काय?” जयवंतने द्राक्षांकडे बोट दाखवलं. मिस्त्री असा हसला, की त्याला खोकला लागला. “ही तोंडली आहेत, साहेब. भाजी करतात.”

तो क्षण तू पाहायला हवा होतास. कचेरीचं सगळं पांडित्य तोंडल्याच्या भाजीत बुडालं. मी इतका खूश, की वहिनीला चहा टाकायला सांगितला. तेवढ्यात मिस्त्रीने खणाची मागची बाजू उजेडाकडे धरली. जुने सुतार गिऱ्हाइकाचं नाव तिथे लिहीत, सामान अदलाबदल होऊ नये म्हणून. जांभळ्या पेन्सिलीने दोन ओळी होत्या. वर ‘चि. कुसुम हिचे, चौथीत पहिली आली सबब.’ खाली ‘माघ, शके १८६२’, म्हणजे तेवीस वर्षांपूर्वीचं.

जयवंतने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, “कचेरीचं नाही, कबूल. पण मास्तर, हे तुमचंही दिसत नाही.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण हात उठला नाही. ते वाचून मला आश्चर्य वाटलं नव्हतं, कुसुम. हेच लिहायला सगळ्यात जड जातंय.

जयवंत गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाला, “मास्तर, वरच्या ओळीवर रंधा फिरवू? साल राहील, तेवढ्यावर काम चालशे.” भला माणूस, मला सोडवायलाच निघाला होता. मी रंधा हातात घेतला. किती वेळ घेतला होता, ते विचारू नकोस. वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. दर बदलीला हे मेज चढवताना-उतरवताना तिला मी सांगत आलोय, की भाऊंनी ते माझ्यासाठी करून घेतलं. कचेरीने निदान पोच दिली. मी तुला तीही दिली नव्हती.

रंधा मिस्त्रीच्या पेटीत परत ठेवला. आज सकाळी लिहून दिलंय, की मेज माझ्या बहिणीचं आहे. बुधवारची मुदत वाढवून घेतली. आता मालकिणीचा अर्ज तेवढा हवा, तुझ्या हातचा, तुझ्या सहीचा. मला देऊन टाकल्याचं त्यात लिहू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच बजावतो. ते कुठे पोचवायचं तेवढं लिही, मी स्वतः घेऊन येतो. आणि तुझ्या घरात मेजाला जागा नाही असं कळवू नकोस. ते वाक्य भाऊंच्या तेराव्याला सगळ्यांसमोर मी बोललो होतो, तुझ्या वतीने. तुला विचारलं नव्हतं.

तुझाच,
सदादादा