सात नंबरच्या विहिरीशेजारचे घर

मी, एलिसेओ आर्चुलेटा, वय सत्तावीस, राहणार ब्लँको, न्यू मेक्सिको, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दारू न पिता आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. शाळा दहावीलाच सुटली, म्हणून प्रत्येक शब्द तपासून घेतला आहे. या वयात मृत्युपत्र कशाला, तर माझ्याबरोबर गॅसच्या विहिरींवर काम करणारा अन्सेल्मो गेल्या महिन्यात टाकीवर मेला. मोजमापासाठी त्याने झाकण उघडले आणि आतला वायू छातीत गेला. त्या टाकीचे काम आता माझ्याकडे आहे.

१. घर, घराची जमीन आणि सर्व गाई बहीण नोएमीला. जमिनीच्या पोटातला गॅस आमचा कधीच नव्हता. तो सरकारचा, आणि भाडेपट्ट्याने कंपनीचा. म्हणून तो देता येत नाही.

२. खोगीर आणि गाईंना डाग देण्याचे लोखंड देल्फिनोकाकांना.

३. अवजारांची पेटी अन्सेल्मोच्या बायकोला. तिने ती विकून पैसे ठेवावेत. चुलतभाऊ रुबेनला काही देऊ नये. नेलेला मोठा पाना त्याने अजून आणलेला नाही. तोच त्याचा वाटा.

४. सरकारी कुरणात चराईचा परवाना घराबरोबर नोएमीकडे जाईल. दरवर्षी गाई सोडल्या नाहीत तर परवाना जातो, आणि तो जाऊ देऊ नका, अशी शपथ बाबा मरताना मला घालून गेले. याच कुरणात, घराला लागून, कंपनीची सात नंबरची गॅसची विहीर आहे. ती जवळजवळ मेलेली आहे. तिच्याजवळ सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि तिथल्या तळ्याला वासरे तोंड लावत नाहीत. दर वसंतात मी तिचा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडतो, म्हणजे कागदावर ती चालू राहते, भाडेपट्टा टिकतो आणि कंपनीला ती बुजवावी लागत नाही. गाई आणि व्हॉल्व्ह, दोन्ही मी एकाच सकाळी सोडतो.

<s>अट : नोएमीने परवाना कधीही सोडू नये.</s> ए. आ.

५. नव्या नियमाप्रमाणे विहीर बुजवायला पुरेल एवढी हमी कंपनीने सरकारकडे आधीच ठेवायची आहे. तो नियम रद्द करण्याचा ठराव वॉशिंग्टनमध्ये आला आहे. कंपनीने आम्हाला बसने फार्मिंग्टनच्या सभेला नेले आणि हातात पाटी दिली : नियम हटवा, नोकऱ्या वाचवा. घर माझ्या पगारावर चालते, म्हणून मी ती धरली. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले.

"झकास धरलीस रे पोरा," देल्फिनोकाका जेवताना म्हणाले. "आता आपल्याच दारावर ठोक. जागा आहे."

नोएमी हसली नाही. "तुझं काही बरंवाईट झालं तर ती विहीर कोणाच्या गळ्यात?"

"कंपनीच्या."

"आणि कंपनी पळाली तर?"

मी ताटातली हिरवी मिरची चिवडत राहिलो.

"म्हणजे माझ्याच. वर बाबांची ती शपथ. मला घालू नकोस हं, एली. तुला घातली तेवढी पुरे झाली."

ठराव मंजूर झाला तर विहीर तशीच राहील. ती मी कोणालाही देत नाही, तरी नोएमीला मिळेल. अशा मिळण्याला काय म्हणावे, ते वकिलालाही विचारले. ते म्हणाले, कायद्यात त्याला शब्द नाही.

६. मला बाबांशेजारी पुरावे. टाकीपाशी माझ्या नावाचा क्रूस लावू नये. अन्सेल्मोचा लावला होता, तो कंपनीने उपटून टाकला.

सही : एलिसेओ आर्चुलेटा

साक्षीदार (दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही) :
प्रुदेन्सिओ गुरुले, पाटाचे मुकादम
ओर्लिंदा केसादा, टपाल कचेरी

ठिकाण : ब्लँको. दिनांक : १४ एप्रिल २०२५

टीप : कलम ४ मधली अट सही करण्यापूर्वी मीच खोडली आहे. दोन्ही साक्षीदारांनी ते पाहिले. गुरुलेकाका म्हणाले, "अरे, मग तूही मोकळा हो की!" म्हणून स्पष्ट लिहितो : ही मोकळीक नोएमीची आहे. मी जिवंत असेपर्यंत ती मला लागू नाही. उद्या सकाळी गाई सोडायच्या आहेत, आणि व्हॉल्व्हची किल्ली माझ्याच खिशात आहे.