पापांची हलकी चाकं

प्रिय इलारिया,

हे फोनवर बोलता येत नाही, कारण तुझे पापा कायम स्वयंपाकघरातच चाकं पुसत बसलेले असतात. गुआल्तिएरोची बायको उद्या मिलानला येतेय, तिच्या हाती हे पत्र देते. रविवारच्या आत वाच, बाई.

पापांच्या साठीला तू सायकलची ती हलकी चाकं पाठवलीस आणि माझ्या घराचं दुकान झालं! पिठाच्या काट्यावर आता पीठ कमी, स्क्रूच जास्त. घंटी काढली, पाण्याची एक बाटली काढली, परवा तर टोपीचं अस्तर कातरलं. मी म्हटलं, अहो, पुढे ते चार किलोचं पोट आहे, त्याचं काय? तर म्हणतात, लोरेदाना, पोट माझं स्वतःचं आहे, ते सायकलच्या वजनात धरत नाहीत. हसावं की कपाळावर हात मारावा!

गुआल्तिएरोचा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला. त्याला गाठून विचारलं, खरंच फरक पडतो का रे? तो म्हणाला, वहिनी, शर्यतीतल्या पोरांना पडतो. दर रविवारी हौसेनं सायकली काढणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना गिसाल्लोच्या अख्ख्या चढावर वीसेक सेकंद, तेही वारा बरा असला तर. वीस सेकंदांत माझी कॉफीची किटली गरमही होत नाही गं.

पण पापांना सेकंदांचं काय पडलंय? माथ्यावर मारियामातेच्या देवळापाशी सगळे शेवटच्याची वाट बघतात, तो पोचल्याशिवाय कुणी कॉफी मागवत नाही, हा त्यांचा जुना नेम तुला माहीत आहे. गेल्या वर्षी हृदयात जाळी बसवल्यापासून शेवटचे नेहमी पापाच. ईस्टरनंतर कुणीतरी चेष्टेत म्हणालं, एझिओ, तुझ्यापायी आमची भूक मेली. हेही हसले म्हणे. घरी आले आणि ताटाला हात लावला नाही.

आता खरं काय ते लिहिते. काल त्यांच्या खणात मोजे ठेवताना तो जिभेखाली मारायचा फवारा सापडला. छातीत दुखलं तर लगेच लागणारा, डॉक्टरांनी खिशातून काढायचा नाही म्हणून बजावलेला. शेजारी त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, खिशातून काय काय कमी केलं त्याची: पंक्चरचं सामान, किल्ल्या, फवारा अठ्ठावीस ग्रॅम. तारीख बघितली आणि बोटांवर रविवार मोजले. तीन रविवार ते फवाऱ्याशिवाय चढताहेत! मी भांडले तर मुकाट्याने खिशात घालतील आणि जिन्याखाली ठेवून जातील, ओळखून आहे मी. तुझं ऐकतील. चाकं तू दिलीस, आता तूच शनिवारी ये आणि तोंडावर सांग की त्या चाकांनी काही फरक पडत नाही, फवारा खिशातच राहू दे. चिडतील, दुखावतील, होऊ दे. रविवारी बारा वाजले की मी खिडकीतून हलत नाही. मला ते सगळ्यांच्या शेवटी आलेले चालतील गं.

तुझीच, जीव टांगणीला लागलेली,
मम्मा